ओठ मिटलेले, दात सुटे

२०२३ च्या श्रावणातला सोमवार होता. संध्याकाळी आम्ही उपास सोडायला बसलो होतो. वरण-भात आणि अळूची भाजी. दुसऱ्याच घासाला दाताखाली काहीतरी कडक आलं. डाळीतला खडा असेल म्हणून मी तो काढून ताटाच्या कडेला ठेवला. पांढरा, एका अंगाने गुळगुळीत, दुसऱ्या अंगाने खरखरीत. जीभ आपोआप डावीकडच्या दाढेकडे गेली आणि तिथे धार लागली. तो खडा नव्हता, माझ्याच दाढेचा कोपरा होता.

अक्रोड फोडताना किंवा ऊस सोलताना दाढ तुटली असती तर मला काही वाटलं नसतं. मऊ अळूच्या भाजीने कशी तुटेल? हा प्रश्न मी त्यानंतर जवळजवळ सहा महिने घेऊन फिरत होते. माझ्यासारखाच तो कोणाच्या तरी डोक्यात असेल, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

डोंबिवलीतल्या एका दवाखान्यात गेले. रूट कॅनाल झालं, कॅप बसली, ११,५०० रुपये झाले. दाढ का तुटली असं विचारलं तर उत्तर मिळालं, वय. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. नोव्हेंबरात त्या नव्या कॅपचा वरचा पांढरा थर एका बाजूने उडाला. मग दुसरीकडे गेले. तिथे सांगितलं की तुमचे वरचे-खालचे दात नीट जुळत नाहीत, म्हणून ताण येतो; चार दाढा थोड्या घासून सारख्या करू. मला ते पटलंसुद्धा होतं. पण ऑफिसात कामाचा रेटा होता, रजा मिळाली नाही, आणि ते राहून गेलं. रजा नाकारली गेली याचं मला आज फार बरं वाटतं. दाताचं एनॅमल एकदा गेलं की परत येत नाही. दातांची ठेवण वाकडी म्हणून माणूस झोपेत दात खातो, ही समजूत जुनी आहे आणि ती आता मागे पडली आहे, हे मला पुढे कळलं. घासून टाकलेलं मात्र तेव्हा मला कोणी परत दिलं नसतं.

त्याच काळात सकाळी उठल्यावर दोन्ही कानशिलं ठणकायची. दुपारपर्यंत आपोआप थांबायची. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून डोळे तपासले, नंबर तोच. डावा कान आतून दुखायचा म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कान स्वच्छ आहे, पडदा उत्तम आहे असं सांगितलं आणि थेंब दिले. प्रत्येकाने आपापला अवयव तपासला आणि तो बरा आहे असं सांगून मला घरी पाठवलं. रात्री काय होतं, हे विचारायचं माझ्याही मनात आलं नाही. झोपलेल्या माणसाला काय माहीत असणार?

कळलं ते मुलीमुळे. डिसेंबरात घरी पाहुणे आले होते, म्हणून मी आणि लेक एका खोलीत झोपलो. ती बारावीत होती, उशिरापर्यंत जागायची. सकाळी चहा पिताना म्हणाली, "आई, तू रात्रभर दात खातेस. मला भीती वाटली." मी हसण्यावारी नेलं. तिने मोबाइल पुढे केला. अर्ध्या मिनिटाचा आवाज होता. माझी आजी अडकित्त्याने सुपारी कातरायची तेव्हा आधी करकर आणि मग कट्‌ असा आवाज यायचा, अगदी तसा. थांबायचा, पाच-सहा सेकंदांनी पुन्हा सुरू व्हायचा. तो माझ्या तोंडातून येतो आहे यावर विश्वास बसेना. नवऱ्याला पाळ्यांची नोकरी, महिन्यातले दहा-बारा दिवस तो रात्री घरी नसतोच. त्याला ऐकवल्यावर तो म्हणाला की असा आवाज त्याने ऐकला आहे, पण माळ्यावर उंदीर असेल असं त्याला वाटायचं. त्याने दोनदा पिंजराही लावला होता.

त्या आवाजाने मला शरम वाटली. ती का वाटली हे मी नंतर खूप वेळ शोधलं. आपल्या भाषेत दात-ओठ खाणं म्हणजे राग. ऐकणाऱ्याला वाटतं, ही बाई मनात काहीतरी दाबून ठेवते, दिवसा गोड बोलते आणि रात्री दात खाते. मला स्वतःलाही तेच वाटलं. कोणावर एवढा राग आहे माझा, असं मी दोन-तीन दिवस स्वतःला विचारत राहिले.

चिपळूणला आईला फोन केला. आईचं उत्तर तयार होतं, "अगं, जंत झाले असतील. गोळी घे." आमच्या घरात लहानपणी कोणी झोपेत दात खाल्ले की दुसऱ्या दिवशी जंताचं औषध ठरलेलं असायचं. मी गोळी घेतली. काही फरक पडला नाही. लहान मुलं मोठ्यांपेक्षा जास्त प्रमाणात दात खातात, बहुतेकांचं ते वयाबरोबर आपोआप थांबतं, आणि जंतांशी त्याचं पक्कं नातं काही दाखवता आलेलं नाही. औषध दिल्यावर चार-सहा महिन्यांनी थांबलं की औषधाचा गुण आला असं वाटणारच. फोन ठेवता ठेवता आई म्हणाली, "तुझे अण्णाही खायचे." एवढंच बोलून तिने विषय बदलला.

मग मी आधी एक चूक केली. औषधाच्या दुकानातून गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबायचं रबरासारखं गार्ड, म्हणजे रात्री दातांवर घालायचं कवच, आणलं. पाचव्या आठवड्यात उजव्या बाजूला त्याला आरपार भोक पडलं. मऊ वस्तू तोंडात आली की काही जणांचे स्नायू ती आणखीच चावू लागतात, जसं आपण पेन्सिलीचं रबर चावत राहतो. माझं तसंच झालं असावं, कारण त्या पाच आठवड्यांत कानशिलं जास्त दुखली.

माझं ऑफिस फोर्टात आहे, लेखा विभागात. सीएसएमटी स्टेशनाला लागून सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, त्या रस्त्याने मी वर्षानुवर्षं जाते. तिथे जावं असं कधी सुचलं नव्हतं. २०२४ च्या फेब्रुवारीत अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले आणि रांगेत उभी राहून केसपेपर काढला. तिथे वेळ लागतो, हे मनाशी धरूनच जावं. शिकणारे डॉक्टर तपासतात, मग त्यांचे सर किंवा मॅडम येतात, मग पुन्हा चर्चा. पण मला तो वेळच उपयोगी पडला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणी घाईत नव्हतं.

तपासणाऱ्या डॉक्टर माझ्या लेकीपेक्षा फार तर आठ-नऊ वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी दातांकडे पाहिलंच नाही आधी. दोन्ही हातांची बोटं माझ्या गालांवर, जबड्याच्या कोपऱ्याशी ठेवली आणि म्हणाल्या, "ताई, दात आवळा." बोटांखाली टणक गोळा उभा राहिला. तो मॅसेटर नावाचा चावण्याचा स्नायू. मग कानशिलांवर बोटं ठेवून पुन्हा तेच. तिथला स्नायू पंख्यासारखा पसरलेला असतो, आणि माझी सकाळची डोकेदुखी नेमकी त्याच्यावर होती. मग कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघड-मीट करायला लावलं. जबड्याचा सांधा कानाला इतका लागून आहे की त्याचं दुखणं कानाचंच वाटतं. माझ्या कानातले थेंब वाया का गेले ते तिथे समजलं.

त्यानंतर तोंडात आरसा धरून मला दाखवलं. जिभेच्या कडेला दातांचे ठसे उमटलेले. गालाच्या आतून पांढरी रेघ, वरचे-खालचे दात जिथे टेकतात त्याच उंचीवर. सुळ्यांची टोकं सपाट झालेली. पुढच्या दातांवर उजेड तिरका पाडला तेव्हा केसासारख्या उभ्या बारीक चिरा दिसल्या. "ही झीज काही एका वर्षाची नाही," त्या म्हणाल्या. "दाढेला आधीच तडा गेलेला असणार. अळूच्या भाजीने फक्त तुकडा मोकळा केला."

सहा महिन्यांच्या माझ्या प्रश्नाला ते उत्तर होतं.

मग मॅडम आल्या आणि त्यांनी जे समजावलं ते मी आजवर कितीतरी जणींना सांगितलं आहे. झोप म्हणजे एकसारखा सपाट रस्ता नव्हे. रात्रभरात ती अनेकदा काही सेकंदांपुरती हलकी होते. आपण जागे होत नाही, पण मेंदू किंचित जागा होतो, हृदयाचे ठोके वाढतात, आणि त्याच्या पाठोपाठ जबड्याचे स्नायू काम करू लागतात. हे बहुतेक गाढ झोपेत होत नाही, उथळ झोपेत होतं. बऱ्याच जणांचे जबडे असे झोपेत हलतात. काहींच्या बाबतीत ते जास्त वेळा आणि जास्त जोराने होतं, दात एकमेकांवर घासले जातात आणि आवाज येतो. मोठ्या माणसांत शंभरात साधारण आठ-दहा जण तरी असे असतात. जागेपणी आपण जोरात चावलं की दुखतं आणि आपण थांबतो. झोपेत तो अटकाव नीट काम करत नाही, म्हणून झोपेतला दाब दाढेला तडा जाईल इतका वाढू शकतो.

म्हणजे हा राग नाही? मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, काळजी आणि ताण यांनी हे वाढतं हे खरं, पण ते एकच कारण धरून बसू नका. मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. घरात आणखी कोणी दात खातं का? अण्णा खायचे. चहा-कॉफी किती? दिवसाला पाच कप, शेवटचा रात्री साडेआठला. तंबाखू, मिश्री, दारू? नाही. घोरता का, झोपेत श्वास अडकतो असं कोणी सांगितलं आहे का, दिवसा पेंग येते का? छातीत जळजळ होते का? कुठल्या गोळ्या चालू आहेत?

शेवटच्या प्रश्नाला मी थोडी अडखळले. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणानंतर, २०२३ च्या सुरुवातीपासून, मी मनाच्या काळजीसाठी एस्सिटॅलोप्रॅम घेत होते. ती गोळी घेते हे मी दातांच्या एकाही डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. दातांशी तिचा काय संबंध, असं मला वाटायचं. शिवाय सांगायला संकोचही वाटायचा. मॅडमनी पेन खाली ठेवलं. या जातीच्या गोळ्यांनी काही जणांमध्ये दात खाणं सुरू होतं किंवा आधीचं वाढतं, हे डॉक्टरांना माहीत असलेलं आहे. पण त्यांनी लगेच दुसरं वाक्य सांगितलं आणि केसपेपरवर लिहिलंही: गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायची नाही, ज्यांनी दिली त्यांच्याशी बोलायचं. मी तसंच केलं. माझ्या मानसोपचारतज्ज्ञांनी तब्येत पाहून दोन-अडीच महिन्यांत डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला. ती गोळी मला त्या वर्षात तारून गेली आहे, तिला मी दोष देणार नाही. फक्त दातांच्या डॉक्टरांना सगळ्या गोळ्या सांगाव्यात, मनाच्यासुद्धा. मी लपवली नसती तर कदाचित कॅप वाचली असती.

घोरण्याबद्दल खात्री करण्यासाठी झोपेची एक साधी चाचणी घरीच झाली. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाशी नळी लावून एक रात्र झोपायचं. श्वासाचे अडथळे तासाला पाचपेक्षा कमी निघाले, म्हणजे ठीक. ज्यांचा श्वास खरंच अडकतो त्यांना दात खाण्यावरच्या इलाजाआधी श्वासाचा इलाज करावा लागतो, आणि काही प्रकारच्या गार्डने त्यांचं घोरणं वाढूही शकतं, म्हणून ही पायरी गाळू नये.

आता गार्डबद्दल. त्याला नाइट गार्ड म्हणतात, डॉक्टर मंडळी स्प्लिंट म्हणतात. आधी माप घेतलं. पत्र्याच्या साच्यात गार, पुदिन्याच्या वासाचा लगदा भरून वरच्या दातांवर दाबला. तो घट्ट होईपर्यंत एक-दोन मिनिटं नाकानेच श्वास घ्यायचा. मला उमासा येत होता. त्या छोट्या डॉक्टर म्हणाल्या, "ताई, उजव्या पायाचा अंगठा हलवत राहा, लक्ष तिकडे ठेवा." खरंच जमलं. खालच्या दातांचंही माप झालं, मग मेणाच्या पट्टीवर चावून दोन्ही जबडे एकमेकांवर कसे बसतात त्याची नोंद. आठ दिवसांनी गेले तेव्हा माझ्या दातांची प्लास्टरची जोडी टेबलावर होती. आपले दात असे हातात घेऊन पाहायला मिळत नाहीत. सुळे तर इतके सपाट की पुढच्या दातांच्या ओळीत कुठून सुळा सुरू होतो ते शोधावं लागत होतं. अण्णांचे दात शेवटी असेच दिसायचे. इतकी वर्षं मी ते वयाचं लक्षण समजत होते.

गार्ड कडक पारदर्शक ॲक्रिलिकचं, वरच्या दातांवर बसणारं. ते नुसतं बसवून देत नाहीत. निळा कागद दातांत धरून चावायचं, डावीकडे सरकवायचं, उजवीकडे सरकवायचं. जिथे निळा डाग जास्त गडद, तिथे घासायचं. पुन्हा कागद, पुन्हा घासणं. मागचे सगळे दात एकाच वेळी, सारख्या दाबाने टेकले पाहिजेत, आणि जबडा बाजूला सरकला की फक्त सुळ्यांनी भार घेऊन मागच्या दाढा सुटल्या पाहिजेत. या एका कामाला सव्वा तास लागला. दुकानातल्या गार्डमध्ये आणि यात फरक काय, असं मला नेहमी विचारतात. हा सव्वा तास, हाच तो फरक.

पहिल्या रात्री तोंडात लाळ मावेना. दुसऱ्या रात्रीही झोप लागली नाही. चौथ्या दिवशी सकाळी गार्ड उशीखाली सापडलं, मी ते झोपेतच काढून टाकलं होतं. सोडून द्यावंसं वाटलं. मग डॉक्टरांनी युक्ती सांगितली ती कामी आली: झोपायच्या आधी अर्धा तास, भांडी आवरताना किंवा वाचताना ते लावायचं, म्हणजे तोंडाला ते परकं वाटत नाही. दोन आठवड्यांत सवय झाली. सकाळी काढल्यावर पाच-दहा मिनिटं दात जागेवर नाहीत असं वाटतं, ते आपोआप जातं. धुवायचं गार पाण्याने आणि मऊ ब्रशने. गरम पाण्याने ते वाकतं. कोरडं करून डबीत ठेवायचं, आणि दाखवायला जाताना प्रत्येक वेळी सोबत न्यायचं.

सहा आठवड्यांनी ते घेऊन गेले. दिव्याखाली धरल्यावर त्यावर चकाकणारे पट्टे आणि ओरखडे दिसत होते. मी निराश झाले. म्हणजे अजून चालूच आहे! मॅडम म्हणाल्या, "हे ओरखडे दातांवर पडायचे ते यावर पडले. गार्डचं काम एवढंच. हा इलाज नाही, ढाल आहे." हे मला कोणीतरी पहिल्याच दिवशी इतकं स्पष्ट सांगायला हवं होतं. गार्ड लावलं की दात खाणं थांबेल अशी आशा धरणारे बरेच जण महिन्याभरात ते कपाटात ठेवून देतात. झोपेत दात खाणं कायमचं थांबवणारं खात्रीचं औषध आज नाही. दात वाचवता येतात, दुखणं कमी करता येतं, आणि ज्या गोष्टींनी ते वाढतं त्या आवरता येतात.

त्याच भेटीत त्यांनी मला मध्येच विचारलं, "आत्ता या क्षणी तुमचे दात कुठे आहेत?"

मी पाहिलं. घट्ट आवळलेले होते. मी खुर्चीत नुसती ऐकत बसले होते, आणि माझे वरचे-खालचे दात एकमेकांवर दाबून धरलेले होते.

"तोंड मिटलेलं असताना दात टेकलेले नसतात," त्या म्हणाल्या. "ओठ मिटलेले, दात सुटे. मध्ये दोन-तीन मिलिमीटर फट."

मला हे चव्वेचाळीस वर्षं माहीत नव्हतं. तोंड मिटलं म्हणजे दात मिटले, असंच मी समजत होते. खरं तर खाताना आणि गिळताना दात टेकतात तेवढेच. बाकीचा दिवस जबडा सैल लोंबकळत असायला हवा. रात्रीच्या दात खाण्यावर आपला ताबा नाही. दिवसा दात आवळून धरण्यावर मात्र आहे, आणि दिवसभर थकलेला स्नायू रात्री आणखी दुखतो. जिभेचं टोक 'न' म्हणताना जिथे लागतं तिथे ठेवायचं, गाल सैल सोडायचे, दात आपोआप सुटतात.

ऐकायला किती सोपं! पण आपण दात आवळले आहेत हे आठवणार कसं? मोबाइलवर गजर लावून पाहिला, तर ऑफिसात सगळे माना वळवून बघायचे. मग मला लोकल सापडली.

सकाळी जाताना फास्टमध्ये श्वास घ्यायला जागा नसते. संध्याकाळी मात्र मी मुद्दाम सीएसएमटीहून स्लो पकडायला लागले, बसायला मिळतं म्हणून. डोंबिवलीपर्यंत तेवीस स्टेशनं. डब्यात घोषणा होते, "पुढील स्टेशन मस्जिद." घोषणा झाली की मी दात पाहायचे. आवळलेले असले तर सोडायचे, एक सावकाश श्वास बाहेर टाकायचा, आणि छोट्या वहीत एक रेघ. पहिल्या संध्याकाळी तेवीसपैकी सोळा रेघा झाल्या. बसायला जागा, खिडकीचा वारा, हातात काही काम नाही, आणि तरी सोळा वेळा दात आवळलेले! मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं. शरीर इतकं ताठ धरून आपण कशासाठी बसलेलो असतो?

वहीतून हळूहळू काही गोष्टी उघड झाल्या. मोबाइल बघत असले की दात आवळलेले. दुसऱ्या दिवशीच्या डब्याचा विचार चालू असला की आवळलेले. शेजारच्या बाईशी गप्पा मारत असले की हमखास सुटे. ऑफिसात वेगळंच दिसलं: ताळा जुळत नसताना नाही, तर जुळायच्या अगदी बेतात आला की जबडा आवळला जातो. घरी सुईत दोरा ओवताना, नारळ खवताना. राग आलेला असताना एकदाही नाही. नोंदी वाचताना हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मनावरचं मोठं ओझं उतरलं. माझा जबडा रागाने आवळत नव्हता, लक्ष एकवटल्याने आवळत होता.

तीन महिन्यांनी रेघा पाच-सहावर आल्या. मार्चअखेरीला पुन्हा बारा-तेरा होतात, एप्रिलात उतरतात. रोज रात्री गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दहा मिनिटं दोन्ही गालांना, मग बोटांनी मॅसेटरवर गोल गोल हलका दाब. शेवटचा चहा चारला, कारण चहा-कॉफीतलं कॅफीन शरीरातून निम्मं व्हायलाच पाच-एक तास लागतात. साडेआठच्या चहाचा अर्धा भाग मी दीड वाजता सोबत घेऊन झोपत होते. हा बदल मला सगळ्यात जड गेला आणि सगळ्यात लवकर फळला. आईने काशाची वाटी पाठवली. तळपायाला तेल लावून ती घासली की झोप छान येते, म्हणून मी अजूनही घासते. तिने दात खाणं कमी होतं असं मी म्हणणार नाही, पण दिवस संपल्यासारखा वाटतो.

मॅसेटरमध्ये बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, तेही विचारून घेतलं. स्नायूचा जोर तीन-चार महिने कमी होतो, मग पुन्हा घ्यावं लागतं. माझी दुखणी तोवर आटोक्यात आली होती, मी नको म्हटलं. ज्यांचा जबडा उघडेनासा होतो किंवा एकामागून एक दात तडकतात, त्यांनी तज्ज्ञांशी बोलून ठरवावं.

आमच्या डब्यातल्या दोघींनी वहीतल्या रेघा काय आहेत असं विचारलं होतं. एक शाळेत शिकवते, एक कुरिअरच्या ऑफिसात आहे. दोघींनाही सकाळी कानशिलं दुखायची. दोघींनीही आपण दात खातो का हे घरी विचारून पाहिलं. एकीच्या नवऱ्याने सांगितलं की दहा वर्षांपासून खातेस, तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. आता घाटकोपरची घोषणा झाली की आम्ही तिघी एकमेकींकडे बघतो आणि जबडा सैल सोडतो.

थर उडालेल्या कॅपच्या जागी दुसरी कॅप बसून वर्ष उलटलं, ती शाबूत आहे. दुसरी कुठली दाढ तुटली नाही. सकाळचं डोकं महिन्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी दुखतं. गार्डवर ओरखडे पडतातच, दर सहा महिन्यांनी दाखवते, ते पुन्हा समतल करून देतात. लेकीने गेल्या दिवाळीत पुन्हा रात्री आवाज टिपला. आवाज आहे, पण प्लास्टिकवर घासल्यासारखा दबका.

त्याच दिवाळीत आई आमच्याकडे होती. रात्री मी गार्ड लावताना ती बघत बसली. मी तिला ओळखीच्या शब्दांत सगळं समजावलं, झोप कशी हलकी होते, मेंदू किंचित जागा होतो, मग जबडा कसा चालतो. अण्णांकडून माझ्याकडे आलं असणार, हेही सांगितलं. अण्णा एसटीच्या डेपोत होते. घरात कधी आवाज चढवला नाही त्यांनी, बोलायचेच कमी.

"म्हणजे ते रागावलेले नसायचे?" आईने विचारलं.

"नाही गं. झोपेतलं असतं ते. त्यांना माहीतही नसणार."

ती बराच वेळ गार्डच्या रिकाम्या डबीचं झाकण उघडत-मिटत राहिली. मग म्हणाली, "मला वाटायचं, माझ्यावरचा राग दिवसा बोलून दाखवत नाहीत आणि रात्री दातांत चावतात. एकतीस वर्षं. मी त्यांना हलवून कुशीवर वळायला लावायचे, आणि सकाळी दोघंही त्याबद्दल काही बोलायचो नाही."